पांगाऱ्यावरचा केशरी टिळ्याचा पक्षी: दुर्मिळ की नेहमीचाच?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 9 मार्चला सकाळी सासवडच्या बाजूला एका बांधावर पांगारा फुललेला होता. त्यावर चिमणीएवढा, मातकट रंगाचा एक पक्षी दिसला. पोट फिकट, चोच लांबट, आणि कपाळावर चक्क केशरी टिळा. पुस्तकात असा पक्षी सापडेना. चाळता चाळता हिमालयातली लाल कपाळाची सेरिन दिसली आणि तुम्हाला वाटलं, ही इकडे भरकटली असेल का? फोटो धूसर आहे. नोंद करायची तर कशी, आणि वसंतात असे दुर्मिळ पक्षी बघायला कुठे जावं, हेही तुम्ही विचारलंय.

आधी टिळ्याचं बघू.

तुमच्या फोटोत रंग सोडून चोच बघा. सेरिन ही फिंच, दाणे फोडणारी. तिची चोच आखूड, बुडाशी जाड, चिमणीसारखी. तुमच्या पक्ष्याची चोच बारीक आणि लांब, कपाळ चपटं, ते चोचीच्याच रेषेत मागे गेलेलं. अंगावर एकही रेघ नाही. सेरिनच्या अंगावर रेघाच रेघा असतात. म्हणजे सेरिन बाद. हा वटवट्या आहे, आणि अंगकाठी, ठेवण, झाड, महिना हे सगळं धरलं तर ब्लिथचा बोरू वटवट्या, आपल्याकडे हिवाळाभर कुंपणाकुंपणात ‘चक्... चक्’ करत बसणारा. एडवर्ड ब्लिथ हे कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे क्युरेटर होते, त्यांचं नाव या पक्ष्याला आहे.

मग टिळा कुठून आला? पांगाऱ्याचा.

हे मी ऐकीव सांगत नाही. काही वर्षांपूर्वी मार्चमध्येच आमच्या घराच्या काचेवर असाच एक पक्षी आपटला. उचलला तेव्हा मुठीत काही आहे असं वाटेना, इतका हलका. कपाळावरची पिसं एकमेकांना चिकटून त्यांचे दोन-तीन बारीक काटे उभे राहिले होते, आंघोळीनंतर पोराच्या कपाळावर केस चिकटावेत तसे. वरून पिवळट, मुळाशी केशरी-तपकिरी. अंगठ्याने हलकेच पुसलं तर अंगठ्याला पिवळी पूड लागली आणि जरा चिकट लागलं. मध आणि पराग यांचा थर. पक्षी रोज त्याच झाडावर येतो, फुलात डोकं घालतो, थरावर थर चढतो आणि वाळत जातो. वीसेक मिनिटं अंधाऱ्या खोक्यात ठेवल्यावर तो उडून समोरच्या शेवग्यात गेला आणि ‘चक्’ म्हणाला. त्या ‘चक्’ने उरलीसुरली शंकाही गेली.

फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस, पांगारा, काटेसावर एकापाठोपाठ फुलतात आणि सगळी पाखरं तिथे गोळा होतात. मैना, बुलबुल, कोतवाल, चष्मेवाले, वटवटे, कावळेसुद्धा. यातल्या कुणाच्याही तोंडाला हळद लागलेली दिसू शकते. त्यामुळे वसंतात कपाळ, हनुवटी किंवा गळा एवढ्याच जागी विचित्र रंग दिसला, तर पहिला संशय फुलावर घ्यायचा.

आता तुम्ही हिरमुसला असाल तर एक गंमत सांगतो. हा वटवट्या एप्रिलअखेरीला निघतो आणि पार फिनलंड, बाल्टिक देश, रशियापर्यंत पोचतो. युरोपात घरटी करणारे ब्लिथचे वटवटे हिवाळ्याला आफ्रिकेत जात नाहीत, ते इकडे भारतीय उपखंडात येतात. त्यामुळे पश्चिम युरोपात तो क्वचित दिसतो. ब्रिटनच्या एखाद्या बेटावर दिसला तर लोक दुर्बिणी गळ्यात अडकवून धावतात. तुम्ही जो बांधावर पाहिला तो तिकडे दुर्मिळ आणि सासवडला भाजीपाल्यासारखा. दुर्मिळपणा पक्ष्याच्या अंगावर लिहिलेला नसतो. तो ठरतो जागेवरून आणि तारखेवरून, आणि वसंतात तर जास्त करून तारखेवरून.

हे जरा विस्ताराने सांगायला हवं, कारण आपल्याकडे लोकांचा हिशेब थंडीचा असतो. राज्यात पक्षी सप्ताह 5 ते 12 नोव्हेंबरला, सहली डिसेंबरात, जानेवारीअखेरीला दुर्बिणी कपाटात. फेब्रुवारी ते एप्रिल हा काळ सगळ्यात गोंधळाचा असतो आणि माझ्या मते सगळ्यात मजेचाही. गोंधळ यासाठी की पाहुणे पक्षी जाण्याआधी कपडे बदलतात. ऑक्टोबरात आलेला राखाडी, ओळखू न येणारा चिखलपक्षी मार्चअखेर भलताच दिसायला लागतो. बाकदार चोचीचा तुतारी विटकरी होतो. मलगुजाची मान आणि छाती तांबूस होते. सोनेरी टिटवीच्या पोटावर काळी शाई सांडल्यासारखी दिसते. पिवळ्या डोक्याचा धोबी जानेवारीत नावापुरताच पिवळा असतो, मार्चमध्ये खरोखर लिंबासारखा. तपकिरी डोक्याच्या कुरवाला (कुरव म्हणजे गल) हिवाळ्यात डोक्यावर तपकिरी काही नसतंच, कानामागे एक ठिपका फक्त. मार्चमध्ये चॉकलेटी टोपी चढते. दरवर्षी कुणीतरी भिगवणहून फोन करतं, ‘नवीन कुरव आलाय!’ नवीन काही नाही, जुनाच आहे, निघायची तयारी झालीय.

कुरवांची एक खूण लक्षात ठेवा, टोपीपेक्षा भरवशाची. तपकिरी डोक्याच्या प्रौढ कुरवाचा डोळा फिकट असतो आणि पंखाच्या काळ्या टोकात मोठे पांढरे ठिपके. काळ्या डोक्याच्या कुरवाचा डोळा गडद आणि पंखाची पुढची कड पांढरी. तोही टोपी चॉकलेटीच घालतो, नाव काहीही असो.

स्थानिक पक्षीही याच काळात सोंग बदलतात. जांभळा शिंजीर हिवाळ्यात मादीसारखा, फक्त हनुवटीपासून पोटापर्यंत एक काळा पट्टा. फेब्रुवारीत हळूहळू काळा-निळा होतो, आणि मधल्या काळात ठिगळं लावल्यासारखा दिसतो. सुरुवातीच्या दिवसांत मी अशाच एका ठिगळाच्या शिंजीरासाठी दोन मित्रांना पहाटे पाच वाजता उठवून वीस किलोमीटर नेलं होतं. त्यातला एक अजून दर फेब्रुवारीत विचारतो, ‘तुझा नवीन सूर्यपक्षी आला का?’ वंचकाचं, म्हणजेच ढोकरीचंही तसंच. एरवी मातीत मिसळून जाणारा हा पक्षी एप्रिल-मेमध्ये पाठीवर गडद लालसर शाल घेतो आणि लोक त्याला ओळखत नाहीत.

दोन गोष्टी जाता जाता. पांढरा कावळा, पांढरी बुलबुल, अर्धी पांढरी मैना म्हणजे नवीन जात नव्हे, रंगद्रव्याचा दोष. आणि गावाजवळ एखादा भडक, माणसाला न घाबरणारा पक्षी दिसला, तर पिंजऱ्यातून सुटलेला कॉकॅटिल किंवा बजरीगर आहे का हे आधी बघा.

ॲपबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण फोटोसोबत मर्लिनचा स्क्रीनशॉट जोडलाय म्हणून सांगतो. मर्लिन चांगलं आहे, मीही वापरतो. पण वसंतात आवाजावरून ओळख घ्यायची तर सावध राहा, कारण हा नकलाकारांचा हंगाम. पर्णपक्षी एका दमात शिक्रा, बुलबुल आणि शिंप्याचे आवाज काढतो. भृंगराज तर अख्खं जंगल स्वतःच वाजवतो. आणि तुमचा तो वटवट्या, हिवाळाभर नुसतं ‘चक्’ करणारा, एप्रिलमध्ये निघण्याआधी झुडपात बसून हलक्या आवाजात गायला लागतो आणि त्याच्या गाण्यात दुसऱ्या पक्ष्यांच्या ओळी असतात. एका झुडपातून पाच मिनिटांत सहा जाती ऐकू आल्या असं ॲप सांगत असेल, तर बहुतेक वेळा तिथे एकच जण बसलेला असतो. त्याला डोळ्यांनी बघितल्याशिवाय यादीत काही टाकू नका.

आता नोंदीकडे. समजा उद्या खरंच काही वेगळं दिसलं. तर पुस्तक उघडायच्या आधी वहीत लिहा. पुस्तक उघडलं की डोळ्यांनी पाहिलेल्यात चित्रातलं मिसळतं, हे माझंही होतं. लिहायचं ते असं: वेळ, झाड किंवा जागा, अंतर पावलांत, ऊन कुठून होतं, किती वेळ दिसला. मग चोच, पाय, शेपटी, पंखाची ठेवण. रंग सगळ्यात शेवटी. सोबत कोणते पक्षी होते आणि त्यांच्यापेक्षा हा लहान की मोठा. आणि काय दिसलं नाही तेही लिहा. ‘पोट नीट दिसलं नाही’ हे वाक्य ज्या नोंदीत असतं, त्या नोंदीवर मी जास्त विश्वास ठेवतो.

ई-बर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी टाकायच्या संकेतस्थळावर, टाकाल तेव्हा काही पक्ष्यांपुढे तपशील मागितला जातो. पुष्कळांना तो अपमान वाटतो. तसं काही नाही. त्या भागात त्या महिन्यात तो पक्षी किती अपेक्षित, याची एक चाळणी असते आणि नोंद चाळणीबाहेर गेली की स्वयंसेवक ती तपासतात. म्हणून जानेवारीत शंभर थापट्या बदकं टाकली तर कुणी विचारत नाही, पण मेअखेरीला तेच एखादं बदक टाकलं तर विचारणा होऊ शकते. तपशिलात ‘नक्की तोच होता, मी वीस वर्षं पक्षी बघतोय’ असं लिहू नका. त्याच्यासारखा दिसणारा नेहमीचा पक्षी तो का नव्हता, एवढं लिहा. फोटो मूळ टाका, धूसर असला तरी. हल्ली फोन आणि सॉफ्टवेअर फोटो ‘सुधारताना’ पिसं स्वतःच्या मनाने काढतात. असा चकचकीत फोटो ओळखीला निरुपयोगी, तुमचा हा धूसर बरा. यात चोच तरी खरी आहे.

खोट्या किंवा ढिसाळ नोंदीने काय होतं याचं उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे. रानपिंगळा. पक्षीतज्ज्ञ ॲलन ह्यूम यांनी 1873 साली त्याचं वर्णन केलं. जगभरच्या संग्रहालयांत मिळून सात नमुने. त्यातला एक 1914 साली गुजरातेत मांडवीला मिळवल्याचं रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने लिहून ठेवलं होतं. लोक त्या आधारावर शोधत राहिले. पुढे अमेरिकी पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी त्याच्या संग्रहाची छाननी केली तेव्हा कळलं की तो नमुना मुळात 1880 च्या दशकात दुसऱ्याच माणसाने गोळा केलेला, ब्रिटिश संग्रहालयातून उचललेला आणि नवीन चिठ्ठी लावून आपल्या नावावर खपवलेला. म्हणजे शेवटची खरी नोंद 1884 ची. मग त्यांनी खऱ्या चिठ्ठ्यांच्या जागा धरल्या आणि नोव्हेंबर 1997 मध्ये बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांच्यासोबत शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांना रानपिंगळा दिसला. दिवसाढवळ्या, झाडावर बसलेला. 113 वर्षांनी. त्यानंतर तो मेळघाट, यावल, अगदी तानसापर्यंत सापडला. तो पक्षी त्या रानात होताच. बघणारे त्याला साधा पिंगळा समजून पुढे गेले असणार. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर ठिपकेच ठिपके, रानपिंगळ्याच्या डोक्यावर जवळजवळ नाहीत, एवढा फरक.

ही गोष्ट तुम्हाला दोन्ही बाजूंनी लागू आहे. टिळ्याचा वटवट्या ‘सेरिन, सासवड’ म्हणून टाकला असता तर पुढे कुणीतरी पुरंदरच्या माळावर सेरिन शोधत बसलं असतं. आणि ‘हा साधाच असणार’ म्हणून प्रत्येक पिंगळ्याकडे पाठ फिरवली तर शहाद्यासारखं शंभर वर्षं चुकतं.

ऋतूची एक चाळणी स्वतःही लावायला शिका. उदाहरणार्थ युरोपीय नीलपंख, ठिपकेवाला माशीमार, लाल पाठीचा खाटीक. हे पक्षी आफ्रिकेला जाताना सप्टेंबर-ऑक्टोबरात पश्चिम भारतावरून जातात, तेव्हा आपल्याकडे अधूनमधून दिसतात. परतताना वसंतात मात्र त्यांची वाट बहुतांशी आणखी पश्चिमेकडून जाते. म्हणून ऑक्टोबरात कुणी युरोपीय नीलपंख सांगितला तर मी ‘अरे वा’ म्हणतो, मार्चमध्ये सांगितला तर ‘फोटो दाखव’ म्हणतो. छातीवर तपकिरी रेघा दिसल्या की तो आपला नेहमीचा नीलपंख.

कुठे जावं? उजनीच्या फुगवट्यावर, भिगवण-कुंभारगावला, फेब्रुवारीअखेर ते एप्रिल. धरणाचं पाणी उतरत जातं, चिखल उघडा पडतो आणि परतीच्या आधी पोट भरायला चिखलपक्षी तिथे जमतात. लोकांना तिथे रोहितच बघायचे असतात. ते बघा, पण नावाड्याला थोडं बाजूला थांबायला सांगा आणि रोहितांच्या पायाशी धावणारे लहान पक्षी बघा, माझ्या अनुभवात वेगळं काही निघालंच तर ते त्यांच्यात. सकाळी दहाच्या आत उरका. त्यानंतर तापलेल्या पाण्यावर हवा नाचायला लागते आणि चोच लांब की आखूड हे छातीठोकपणे सांगता येत नाही. नांदूरमध्यमेश्वरलाही जा, तिथे मार्चपर्यंत बदकं रेंगाळतात. कोकणात जाणं होत असेल तर अलिबागजवळ आक्षीचा किनारा, भरती चढत असताना. ओहोटीला पक्षी पार लांब जातात आणि आपण वाळूत चालून दमतो. शिवडी-ठाणे खाडीत धाकटे रोहित मेपर्यंत असतात. पण खरं सांगू? वसंतात सगळ्यात जास्त शिकायला मिळतं ते घराजवळच्या एका झाडाखाली. तुमच्या त्या पांगाऱ्याखाली रोज अर्धा तास बसलात तर महिनाभरात निम्मा पुणे जिल्हा तिथे येऊन जाईल. भोरड्यांचा थवा आला तर बघा, नर कसे काळे-गुलाबी होत जातात. त्यांना पळसमैना म्हणतात ते उगाच नाही.

एका गोष्टीवर मी जरा कडक बोलणार आहे. मार्चपासून माळावर धाविक आणि टिटवी उघड्यावर अंडी घालतात. घरटं म्हणजे चार खडे. त्या माळांवर फोटोसाठी वाट सोडून गाड्या घातल्या जातात. मी एकदा टायरच्या चाकोरीत धाविकची फुटलेली अंडी पाहिलीत, आणि ती गाडी पक्षीप्रेमींचीच होती. तिकडे कोकणात धनेशाची मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते, बाहेर फक्त एक चीर, नर त्यातून फळं भरवतो. तुम्ही झाडाखाली उभे राहिलात की नर येत नाही, आत ती आणि पिल्लं उपाशी. आवाज वाजवून पक्षी बोलवायचा प्रकार तर या महिन्यांत अजिबात करू नका. विणीच्या हद्दीत प्रतिस्पर्धी आला असं समजून नर घरटं सोडून भांडायला येतो. आणि रानपिंगळ्यासारखं काही सापडलं तर जागा जाहीर करू नका. नोंद करा, नकाशावरचा बिंदू झाका.

मेअखेरीला पुण्या-मुंबईत नवरंग थकून बाल्कनीत, जिन्यात पडलेले सापडतात, तेव्हाची गोष्टही आत्ताच सांगून ठेवतो. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवायचं. चोच उघडून पाणी पाजायचं नाही. संध्याकाळपर्यंत सावरला नाही तर वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन.

तर सध्या तुमची नोंद मी अशी करीन: ‘ब्लिथचा बोरू वटवट्या, 1, पांगाऱ्यावर, कपाळाला पराग लागलेला, फोटो आहे.’ ही चांगली नोंद आहे. शक्य असेल तर या आठवड्यात दोन-तीनदा त्याच झाडाखाली जा, सातच्या सुमारास. फुलं संपली की टिळा फिका होतो का बघा. झाड ओकंबोकं झाल्यावर तो खाली घाणेरीत उतरेल, तिथे ‘चक्’ ऐका. एप्रिलमध्ये गायला लागला तर फोनवर रेकॉर्ड करून मला पाठवा, आणि ज्या दिवशी तो शेवटचा दिसेल ती तारीख वहीत लिहून ठेवा. माझ्या वहीत आमच्या कुंपणातली सगळ्यात उशिराची तारीख 2 मे आहे. तुमची त्याच्या पुढची निघाली तर ती मात्र मी लोकांना दाखवीन.